पंधरा तासांची लाल रेघ

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. विमानांच्या वाटा दाखवणारा. आमच्या बेटाची राजधानी पोर्ट लुई, तिथल्या एका तिकीट कचेरीत माझ्यासारखे शंभर होते. तिकीट काढणाऱ्याला आम्ही फुकट मिळायचो. १९७४ साली देवराजने मुलासाठी लंडनचं तिकीट काढलं आणि मला गुंडाळून लॉंग माउंटन गावी घरी आणलं. मुलगा यशपाल तिकडे नर्सिंग शिकायला चालला होता.

मला गणपतीच्या तसबिरीशेजारी खिळे ठोकून लावलं. माझ्यावर प्लेझान्स विमानतळापासून लंडनपर्यंत लाल रेघ होती. तिच्यावर छापलं होतं: पावणेदहा हजार किलोमीटर, पंधरा तास. देवराज आल्यागेल्याला ते मोठ्याने वाचून दाखवी.

शेजारची बसंती मावशी म्हणाली, "पंधरा तास? आयो! माझा नवरा शेजारच्या पितों गावाहून यायला याहून जास्त लावतो. वाटेत रमचं दुकान आहे ना!"

सगळे हसले. देवराजची बायको कुसुमावती हसली नाही. ती रोज दिवा लावून झाला की त्या रेघेवरून बोट फिरवी. तिथला माझा रंग उडाला. मला त्याचा अभिमान वाटे.

पाच वर्षांनी तिला पोटाचं दुखणं लागलं. ती म्हणाली, "अहो, यशपालला बोलवून घ्या."

"परीक्षा आहे त्याची. पंधरा तासांचा तर प्रवास. आज कळवलं की उद्या हजर."

आठवड्याने ती पुन्हा म्हणाली, "तुम्हाला त्याची परीक्षा दिसते, मी दिसत नाही."

देवराजने रागाने माझ्याकडे बोट दाखवलं. "वाच की! काय लिहिलंय?"

तिला वाचता येत नव्हतं. पुढे तिने विचारणं सोडलं.

एका सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या. तेव्हा तार गेली. संध्याकाळी देवराज दुकानातल्या फोनवर यशपालशी बोलून परत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. "विमान रोज नसतं म्हणे," तो म्हणाला. "गुरुवारचं भरलंय. शनिवारी येतो."

मंगळवारी सकाळी कुसुमावती गेली.

पूजा सांगणारे गोवर्धनभाऊ म्हणाले, "देवराज, किती थांबायचं? लोक अंगणात उभे आहेत."

"पंधरा तास थांबू."

"शनिवार म्हणजे चार दिवस रे. पंधरा तास कुठले?"

अग्नी यशपालने द्यायचा होता. तो बापाने दिला.

शनिवारी यशपाल आला. पेटी हातातच धरून त्याने मला वाचलं. "बाबा, हे तास विमानात बसल्यानंतरचे."

"मला कोणी सांगितलं नाही."

"आईने सांगितलं होतं ना, बोलवा म्हणून? दोनदा. बसंती मावशी म्हणाली."

 महिन्याभराने यशपाल लंडनला गेला. त्याचं पत्र वर्षातून एकदा येतं, दोन ओळींचं.

आता १९८६ चालू आहे. मला वाळवी लागली आहे. देवराज मला काढत नाही आणि पुसतही नाही. मित्रांनो, माझ्यावर खोटं काही छापलेलं नव्हतं. पण विमान कोणत्या दिवशी सुटतं, जागा मिळते का, हे माझ्यावर नव्हतं. मला जपा, असं मी म्हणणार नाही. चुलीत घातलंत तरी चालेल. पण घरातलं आजारी माणूस म्हणालं की अमक्याला बोलवा, तर त्याच दिवशी बोलवा. नकाशाला विचारू नका.