न मोडलेला पूल

आइस्क्रीमच्या काड्या, धुऊन वाळवलेल्या.

भिंतीपलीकडे हशा. पुन्हा हशा.

दोन डबे, एकच ओटा.

"तुमची जाऊ म्हणजे हिरा आहे हो!" असं कुणी म्हणालं, की थोरली "हो ना" म्हणते आणि चहात साखर घालायला विसरते.

तर गोष्ट अशी. थोरली चौथी 'अ'ची बाई, धाकटी चौथी 'ब'ची. घरी सख्ख्या जावा, शाळेत शेजारचे वर्ग. धाकटीच्या नोकरीसाठी शब्द थोरलीनंच टाकला होता. बोट दिलं तर हात धरला म्हणावं, तर तसंही नाही. धाकटीनं काही धरलंच नव्हतं. मुलंच तिच्याकडे धावायची. तेच जास्त झोंबायचं.

शाळेत टॅबलेटची ट्रॉली एकच. ती पुढच्या वर्षी कायमची कुठल्या वर्गात राहणार, हे मुख्याध्यापक शुक्रवारी ठरवणार होते. दोन्ही वर्गांनी काड्यांचा पूल बांधायचा, त्यावर पुस्तकं रचायची, टॅबलेटवर चित्रण करायचं आणि पूल समजावून सांगायचा.

धाकटीच्या वर्गात पूल रोज मोडायचे. "मोडला रे मोडला!" अशी आरोळी उठली, की तेच चित्रण अगदी सावकाश चालवायचं आणि पहिली काडी कुठली सुटली ते शोधायचं. भिंतीला कान न लावताही सगळं ऐकू यायचं आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "आपल्या वर्गात मोडतोड चालणार नाही," तिनं मुलांना बजावलं. घरी नवऱ्याला म्हणाली, "ही शिकवतेय की भंगार गोळा करतेय?"

"तूही मोड की एखादा," नवरा म्हणाला.

त्या रात्री त्याची भाजी अळणी होती.

गुरुवारी शाळा सुटल्यावर थोरली मागे थांबली. मुलांचा पूल हलका, जरासा वाकडा. तिनं गोंदाची बंदूक तापवली, सांध्यासांध्यात गरम गोंद भरला, पोटात लाकडी फूटपट्टी दडवली, वरून काड्या चिकटवल्या. बोटाला चटका बसला. तोही गोड लागला.

शुक्रवार. 'ब'चा पूल थोड्याच पुस्तकांनी कडाडला. मोडला एकदाचा, थोरली मनात म्हणाली. पण मुलं टॅबलेट घेऊन मुख्याध्यापकांच्या अंगावरच पडली.

"सर, हा त्रिकोण आधी गेला!"

"खोटं! आधी ही काडी वळली. मागे ने, मागे ने!"

मग 'अ'चा पूल. पुस्तकं चढत गेली. पुस्तकं संपली, शब्दकोश आला. पूल ढिम्म.

"वा!" मुख्याध्यापक म्हणाले. "एवढा भार कसा पेलला रे यानं?"

मुलांनी चित्रण लावलं. त्यात पूल, पुस्तकं आणि कुणाचं तरी कोपर. काहीच हलत नव्हतं.

"बोला की," थोरली म्हणाली.

जिला सगळे चिमणी म्हणत, ती बारकी मुलगी पुलावर वाकली. "बाई, हा आपला आहे का? आपला तर हलायचा."

धाकटीची नजर थोरलीच्या भाजलेल्या बोटावर गेली आणि तिथून झटकन निघाली. "ताई, पुस्तकं तर संपली. आता मीच चढू का वर? तुमच्या हातचं खाऊन वजन काही कमी नाही माझं!"

सगळे हसले. वेळ निभावली. म्हणजे आता हेही हिचेच उपकार, थोरलीला वाटलं, आणि पोटातला निखारा आणखी फुलला.

ट्रॉली 'ब'ला मिळाली. थोरलीनं टाळ्या सगळ्यांच्या आधी वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात.

घरी जाताना धाकटी म्हणाली, "ताई, आठवड्यातून दोन दिवस तुम्ही न्या ना ट्रॉली."

"नको गं बाई. तुझ्या मुलांचं नुकसान कशाला?" थोरली साखरेच्या आवाजात म्हणाली आणि भरभर पुढे चालू लागली.

त्याच आठवड्यात बुधवारी, थोरली कार्यालयात गेलेली असताना, 'अ'च्या मुलांनी आपला पूल मोडून पाहिला होता, कुठली काडी आधी सुटली ते बरोबर ओळखून तो पुन्हा जोडला होता, आणि बाईंना मोडतोड आवडत नाही म्हणून चित्रण पुसून टाकलं होतं.