गरम पाणी सांडलं म्हणून सांग

काचेवर नक्षी कोरण्याचा त्या घराचा धंदा. पुरुषांनी काचेवर मेण लावून त्यात फुलंपानं काढायची, आणि त्या काचा ॲसिडच्या टबात बुडवायच्या त्या घरात सगळ्यांत शेवटी आलेल्या सुनेनं. पुढची सून येईपर्यंत टब तिचाच. असं का, हे विचारण्याची त्या घरात रीत नव्हती.

त्या दिवशी काम उरकल्यावर धाकट्या सुनेला आपलं बोट ओलं लागलं. हातमोज्याला बारीक भोक पडलं होतं. तिनं बोट फडक्याला पुसलं. आग होत नव्हती, लालीही नव्हती. ती निर्धास्तपणे भांडी घासायला बसली.

दुपारी बोट ठणकू लागलं. कातडी वरून धड, आणि कळ मात्र थेट हाडातून. हळूहळू नखाखाली काळंनिळं दिसू लागलं, तसे तिचे डोळे सासूबाईंकडे वळले. सासूबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं पेराशीच संपलेली होती. तरुणपणी गरम पाणी सांडलं, असं त्या सांगत. गल्लीत ज्यांची ज्यांची बोटं गेली, त्या सगळ्यांवर गरम पाणीच सांडलं होतं. धंदा घरात, परवाना नाही. खरं बोललं तर टाळं लागेल, या धाकानं सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली होती.

तिनं नवऱ्याला बोट दाखवलं, तर तो आपल्या आईकडे बघत राहिला. शेवटी सासूबाईच तिला घेऊन दवाखान्यात निघाल्या.

वाटेत त्या हळूच म्हणाल्या, "गरम पाणी सांडलं म्हणून सांग. बाकी एक अक्षर नको."

"आणि बोट गेलं तर, आई?"

"माझी गेली. जगतेय ना मी?"

दवाखान्यात सुनेनं तोंड उघडण्याआधीच सासूबाईंनी गरम पाणी सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई भाजल्याचं मलम काढू लागल्या. सून त्यांच्या हातांकडे बघत होती. खरं बोलावं तर घरचे तोडून टाकतील, गप्प राहावं तर बोट जाईल. त्या मलमाच्या नळीचं झाकण निघालं, आणि तिला राहवेना.

"पाणी नाही सांडलं. काच कोरायचं ॲसिड आहे. हायड्रोफ्लोरिक. सकाळी लागलंय."

सासूबाईंनी दंडाला कचकन चिमटा काढला. तरी तिनं शब्द मागे घेतला नाही.

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. हात नळाखाली धरला, कपाटातून कॅल्शियमचं मलम काढून चोळलं, छातीला यंत्राच्या तारा लावल्या. हात चालू होते आणि तोंडही. हे ॲसिड कातडीवर थांबत नाही, आत उतरून हाडातलं कॅल्शियम खातं. जास्त लागलं तर हृदयही बंद पाडतं. साधं मलम लावून घरी पाठवलं असतं तर पोरीचं बोट गेलंच असतं.

थोड्या वेळानं ठणका उतरू लागला आणि सून हुंदके देऊन रडली. सासूबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि आपला उजवा हात त्यांनी टेबलावर ठेवला.

"हे मलम माझ्या वेळी होतं का?"

"होतं, आजी. तुम्ही काय सांगितलं होतं?"

सासूबाईंनी तो हात डॉक्टरीणबाईंपुढे सरकवला. मग म्हणाल्या, "माझ्याही हातावर पाणी सांडलं नव्हतं. लिहून घ्या. आणि हिला टबापाशी मीच बसवली, तेही लिहा."