दापोड्याची ऑफर

नेत्रा भोईरच्या हातात एक ऑफर होती, दुसरी तोंडाशी आली होती, आणि हातातली स्वीकारायची मुदत बुधवारी संध्याकाळी सहाला संपत होती.

हातातली होती ती पुण्याची. कंपनी मोठी, पगार बरा, दोन वर्षांचा बाँड. पण ती मुलाखत आठवली की नेत्राचं डोकं सणकायचं. पॅनेलवरच्या एका गृहस्थाने स्क्रीनवर तिचा बायोडेटा वाचता वाचता विचारलं होतं, "भिवंडी? तिथे लूम सोडून कॉम्प्युटरही असतात का?" बाकीचे दोघे हसले. नेत्राही हसली. नोकरी हवी असली की माणूस कशालाही हसतो, आणि मग ते हसू महिनाभर घशात अडकून बसतं. भिवंडीतल्या धामणकर नाक्यावरच्या एका दुकानवजा ऑफिसात ती चार वर्षं सूतव्यापाऱ्यांची बिलिंग सॉफ्टवेअरं बसवत आणि दुरुस्त करत होती. पुण्याचं पत्र आल्यावर तिने तिथे राजीनामा दिला. मालकाने तो वाचलाही नाही, नुसता खिशात घातला आणि म्हणाला, "परत आलीस तर खुर्ची नसेल."

तोंडाशी आलेली दुसरी ऑफर होती भिवंडीजवळच्या दापोड्याची, आणि खरं सांगायचं तर तिचा सगळा जीव त्या ऑफरमध्ये होता. सात गोदामं चालवणारी कंपनी. कुठला खोका कुठल्या गोदामात, कुठल्या रॅकवर आहे हे सांगणारी नवी प्रणाली त्यांना पायापासून बांधायची होती. पुण्यात ती दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधल्या चुका निस्तरत बसणार होती. इथे पहिली ओळ तिची असणार होती.

अडचण एकच होती. दापोडे तिचं गाव होतं, आणि दापोड्यात तिचा भाऊ होता.

धनेश भोईर गोदामांना हमाल पुरवायचा. गावातलं कुणी पोरगं नोकरीला चिकटवायचं असलं तर अर्ज, मुलाखत असल्या भानगडीत तो पडत नसे. दहा-बारा माणसं घेऊन तो सरळ गेटवर जायचा. मॅनेजर चहा मागवायचा, चहा संपेपर्यंत गाड्या गेटवरच थांबायच्या, आणि चहा संपला की पोराचं नाव हजेरीवर चढलेलं असायचं. अशी कितीतरी नावं हजेरीवर होती ज्यांनी गोदामाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. कंपन्या त्याला खर्च म्हणत, धनेश त्याला हक्क म्हणे. त्याचं म्हणणं, या गोदामांखाली जमिनी आमच्या गेल्या, मग निदान पगार तरी आमचे व्हावेत. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण ते तथ्य गळ्यात अडकवून नेत्राला मुलाखतीला जायचं नव्हतं. म्हणून अर्जावर तिने भिवंडी शहरातल्या कामतघरचा पत्ता घातला. कॉलेजपासून ती तिथे कमळमावशीकडेच राहत होती, तेव्हा पत्ता खोटा नव्हता. अर्धवट होता, एवढंच.

दापोड्याच्या मुलाखतीची तिसरी फेरी सोमवारी जुबेर मोमीन यांनी घेतली. ते त्या प्रणालीचे प्रमुख. माणूस तुटक, हसणं माहीत नसलेला. त्यांनी फळ्यावर लिहिलं: सिस्टिम म्हणते चाळीस खोके, रॅकवर आहेत अडतीस. पहिल्यांदा काय तपासाल? तिच्याआधी आलेले उमेदवार डेटाबेसपासून सुरू झाले असणार. नेत्रा म्हणाली, "आधी खाली जाऊन स्कॅन करणाऱ्याला विचारीन. खोके वेगवेगळे ठेवलेले असले की माणसं कंटाळतात आणि एकच खोका चाळीस वेळा स्कॅन करतात. मोजणी पूर्ण होते, मालाचा पत्ता नसतो. एकच क्रमांक लागोपाठ आला तर मशीनने तो नाकारायला हवा. ते आपल्याला लिहावं लागेल." जुबेर सरांनी खडू खाली ठेवला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. पुढचा पाऊण तास त्यांनी तिला सोडलं नाही.

बाहेर पडली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. इतक्या जवळ आलोय तर आईला भेटून जाऊ म्हणून ती घरी गेली. तिथेच माती खाल्ली.

धनेश जेवायला बसला होता. "पुन्याला कशाला जातंस?" तो म्हणाला. "तिथं तुला कोन वळखतंय? तुझ्या त्या शिक्षनाला हितं कोन इचारत न्हाय, आनि तिथं पन न्हाय इचारनार. माझ्या शब्दाबिगर हितल्या एका गोदामात झाडू बी आत जात न्हाय. सांगायचं तर मला सांग."

नेत्राच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चार वर्षांचं साठलेलं एकदम तोंडावाटे बाहेर आलं. "तुझ्या शब्दाशिवाय मी आज तुझ्याच गोदामात तिसरी फेरी देऊन आलेय. इंजिनिअरच्या जागेसाठी. आणि तुझं नावसुद्धा घेतलेलं नाही."

यावर धनेश भडकेल असं तिला वाटलं होतं. तो भडकला नाही. त्याने ताटातला घास संपवला, हात धुतला आणि कुठल्या कंपनीत, एवढंच विचारलं. तिने सांगितलं. भावाला गप्प केल्याच्या आनंदात ती कामतघरला परतली. धनेश गप्प बसला की काहीतरी शिजत असतं, हे लहानपणापासून माहीत असूनही तिला त्या रात्री ते सुचलं नाही.

बुधवारी दुपारी साडेतीनला तिला बोलावणं आलं. गोदामाच्या वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात एचआरच्या भावना मॅडम बसल्या होत्या. त्यांनी खुर्ची दाखवली नाही, पत्र पुढे सरकवलं.

नेत्राने पहिल्यांदा पगार पाहिला. पुण्याहून जास्त होता. मग पद पाहिलं. स्थानिक समन्वय सहायक.

"मॅडम, माझी मुलाखत सिस्टिम इंजिनिअरच्या जागेसाठी होती."

"होती," भावना मॅडम म्हणाल्या. "हे पत्र तुमच्यासाठी खास बनवलंय. रोज यायची गरज नाही. महिन्यातून एकदा सही करायला या. तुमच्या भावाचं समाधान होऊ दे, म्हणजे आमच्या गाड्या वेळेवर सुटतील."

नेत्राने पत्रावरून मान वर केली. "माझा भाऊ इथे आला होता?"

"आला होता? बारा माणसं घेऊन आला होता. तुम्हाला माहीत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला? अर्जावर पत्ता कामतघरचा, आणि भाऊ गेटवर म्हणतो की आमच्या घरच्या पोरीला घेतलं नाहीत तर एक गाडी बाहेर जाणार नाही. तुम्ही दापोड्याच्या आहात हे लपवलंत का?"

"कारण हेच व्हायला नको होतं."

"झालं ना पण."

"मी मुलाखतीत कुठे कमी पडले का, तेवढं सांगा."

भावना मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आता तो प्रश्नच राहिलेला नाही. जिला एक शब्द बोललं तर गेटवर बारा माणसं येतील, तिच्या हातात मी सात गोदामांची सिस्टिम देऊ? उद्या तिच्या हातून चूक झाली तर तिला विचारायचं कोणी? मी विचारणार नाही. माझी हिंमत नाही."

बाई तुसडी होती, पण वेडी नव्हती. त्यांच्या खुर्चीत बसलेल्या कुणीही हेच केलं असतं, आणि हे कळत होतं म्हणूनच नेत्राला जास्त राग येत होता. "पाच मिनिटं द्या," म्हणून ती बाहेर आली.

जिन्याजवळ पाण्याच्या मशीनपाशी जुबेर सर बाटली भरत होते. तिला पाहून त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि निघाले.

"सर, एकच विचारते. मी सोमवारी पास झाले होते का?"

ते थांबले. वळले तेव्हा चेहऱ्यावर चीडच होती. "सोमवारी संध्याकाळी सहा वाजता मी फॉर्मवर लिहून दिलं होतं, हिलाच घ्या. अकरा जणांत तुमचा पहिला नंबर. मंगळवारी सकाळी तुमचे बंधू आले. माझी गाडी गेटवर दो घंटे अडवून ठेवली. मला म्हणतात, हमारी बहन को पास करना पडेगा."

"मग तुम्ही त्यांना सांगायचंत ना, की झालेय म्हणून."

"कसं सांगू? सांगितलं असतं तर तेच म्हणाले असते, बघा, आम्ही आलो आणि एका मिनिटात पास केली. गावभर तेच झालं असतं. माझ्या मुलाखतीची किंमत काय राहिली असती?"

"भावना मॅडमना ठाऊक आहे हे?"

"फॉर्मवर तारीख आहे. सगळ्यांना ठाऊक आहे." त्यांनी बाटली बगलेत मारली. "आता दुसऱ्या नंबरच्या पोराला घेतलंय. हुशार आहे, पण खोके मोजायला खाली उतरायचा नाही. त्याला शिकवण्यात माझे सहा महिने जाणार. तुमच्या घरच्या लोकांनी तुमचं तर केलंच, माझंही नुकसान केलं." आणि ते गेले.

नेत्रा आत गेली आणि म्हणाली, "मला हे पत्र नको."

भावना मॅडम घाबरल्या. दहा मिनिटांपूर्वी जी बाई तिला खुर्ची दाखवत नव्हती, ती आता उठून उभी राहिली. मग त्यांनी कोरा कागद पुढे केला. "लिहून द्या. कंपनीने नोकरी देऊ केली होती, मी स्वखुशीने नाकारत आहे. खाली सही, तारीख आणि वेळ. उद्या तुमचे भाऊ आले तर दाखवायला काहीतरी हवं."

नेत्राने लिहिलं. खाली सही, तारीख आणि वेळही घातली. मग जिन्यातच उभं राहून तिने फोन काढला आणि पुण्याची ऑफर स्वीकारली. लूम सोडून काय असतं विचारणाऱ्या त्या गृहस्थाच्याच हाताखाली तिला काम करायचं होतं. दुसरी वाट उरली नव्हती.

गोदामाच्या गेटपासून गावच्या नाक्यापर्यंत चालत पाच मिनिटं. नाक्यावर धनेशची माणसं बांबूला फ्लेक्स बांधत होती. दुपारी मॅनेजरने धनेशला फोन करून पत्र तयार असल्याचं सांगितलं होतं, आणि दोन तासांत बोर्ड छापून आला होता. वर ठळक अक्षरांत 'कु. नेत्रा भोईर हिची नामांकित कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. कोपऱ्यात तिचा बारावीचा, दोन वेण्यांचा फोटो. बाकी सगळ्या बोर्डावर पांढऱ्या शर्टात, गॉगल लावलेला, हात जोडून उभा असलेला धनेश.

"आली, आली!" तो पेढ्यांचा खोका घेऊन पुढे आला. खरोखर आनंदला होता. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. "बोललो नव्हतो मी? काल सकाळी गेलो आनि काम फत्ते. कवापासनं जायचं?"

"जायचं नाहीच. महिन्याला एक सही करायची. पगार घरी."

"मग तर लय भारी! अजून काय पायजे?"

"मी सोमवारीच पास झाले होते, दादा. अकरा जणांत पहिली. तू मंगळवारी गेलास. तू गेलास म्हणून त्यांनी इंजिनिअरची जागा दुसऱ्याला दिली आणि मला हे भीक घातल्यासारखं पत्र काढलं. मी ते नाकारून आलेय."

धनेशचा पेढ्याचा हात तसाच राहिला. मागची माणसं एकाएकी आपापल्या फोनमध्ये बघू लागली. "तसं होतं तर त्यांनी मला सांगितलं का न्हाय?" तो म्हणाला. मग थोडा सावरला. "थांब. मी आत्ता जातो. बोलतो, तीच जागा द्या. कशी देत न्हाय बघतो."

"जा," नेत्रा म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि रडूही येत होतं. दोन्ही तिने लपवलं नाही. "परत जा. बारा कमी पडले तर चोवीस ने. तुला अजून कळलंच नाही. मला ते काम हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं डोकं बघून मला हो म्हटलं होतं, आणि तू ते पुसून टाकलंस. तू माझं वाटोळं केलंस, दादा."

धनेशचा चेहरा पडला, आणि पडला तसा लगेच कडक झाला. चारचौघांत ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती. "भावानं भैनीसाठी केलं तर हे ऐकायचं? हे बोर्ड लावून बसलोय मी. गावात काय तोंड दाखवू? उतरवू काय आता?"

नेत्राने बोर्डाकडे पाहिलं. एका बाजूची दोरी अजून बांधायची होती.

"राहू दे," ती म्हणाली. "नोकरी तुलाच लागलीय. फोटोही तुझाच मोठा आहे."