शनिवारचा बिघाड

मला कोणी शिकवलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे माझ्याबद्दल ज्याला जे वाटायचं ते वाटो.

अ‍ॅस्टेरिस्क नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. साध्या कॉम्प्युटरवर चढवलं की तोच अख्ख्या ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज होतो. फुकट म्हणून सगळे उड्या मारतात आणि आठवड्याभरात रडकुंडीला येतात, कारण त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत, नुसत्या फायली आणि फायलींमध्ये ओळीच्या ओळी. २००३ साली मिरा रोडच्या भाड्याच्या खोलीत मी ते एकट्याने शिकलो. इंटरनेटवर शंका विचारली की कुठलातरी परदेशी शहाणा लिहायचा, आधी वाच, मग तोंड उघड. दोन वर्षं मी तो अपमान गिळला. म्हणून २००६ मध्ये, ऑफिसांना अशी एक्स्चेंज बसवून देणाऱ्या अमृतभाईंनी त्यांच्या नया नगरच्या गाळ्यात मला नवीन माणसं तयार करायला बसवलं, तेव्हा मीही तसंच शिकवलं. कोणी काही विचारलं की मी म्हणायचो, "वाच."

शनिवारी परीक्षा असायची. मी सकाळी लवकर येऊन आमच्या ऑफिसचेच फोन ज्यावर चालत त्या मशीनमध्ये काहीतरी एक बिघडवून ठेवायचो. एका तासात ते शोधायचं. तीन शनिवार हुकले की घरी. याला ऑफिसात 'शनिवारचा बिघाड' म्हणत, आणि शुक्रवारपासूनच पोरं त्याच त्या फायली पुन्हा पुन्हा वाचत बसायची. मला ते आवडायचं.

मग द्वारका आली. राई गावची, पस्तिशीची. काशीमीऱ्याच्या एका हॉटेलात बारा वर्षं टेलिफोन बोर्डवर बसत होती. हॉटेलने ऑटोमॅटिक बोर्ड बसवला आणि हिला घरी पाठवलं. वयाने माझ्यापेक्षा मोठी, पण मी तिला पहिल्या दिवसापासून अगं-तुगंच केलं.

"सर, फोनवर बोलाचा काम मना येतंय," ती म्हणाली. "ह्यो आतला कसा चालतंय ता न्हाय म्हाईत. पन शिकन मी."

"वाच," मी म्हणालो.

तिने खरंच वाचलं. मांडीवर डिक्शनरी, समोर दोनशे पानी वही. जे कळेल ते ती आपल्या भाषेत लिहून ठेवायची. पुढच्या महिन्यात मी ती वही सहज चाळली आणि माझं डोकंच फिरलं. तिने सगळ्या एक्स्चेंजचं गाव केलं होतं. प्रत्येक विभाग म्हणजे एक आळी, प्रत्येक नंबर म्हणजे आळीतलं एक घर. फोन आला की घराच्या पायऱ्या चढतो: पहिली, दुसरी, तिसरी. मधली पायरी सुटली की फोन तिथेच पडला. बाहेरचा फोन वेशीतून आत येतो, आणि वेशीवरच्या माणसाला थेट आतल्या आळीत सोडायचं नाही. मला दोन वर्षं लागली होती ते कळायला. तिने ते चार पानांत लिहिलं होतं, सोबत पेन्सिलीने काढलेली घरं.

चंदन आणि अथर्व, माझ्याकडे शिकणारी दोन पोरं, त्या वहीवरून तीन आठवड्यांत तयार झाली. चंदन माझ्यासमोर म्हणाला, "इतकं सोपं होतं? आधी कोणी सांगितलं का नाही?" त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

अमृतभाईंच्या कानावर हे जायला वेळ लागला नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ईश्वरभाई, द्वारकाबेन इस शनिवार को पास झाली, की पुढची बॅच तिला देऊ. पर्मनंट करू. तुम्ही साइटवर जा, काशीमीऱ्याला गोडाऊनचं काम निघालंय." म्हणजे मी शिडीवर चढून वायरी ओढायच्या आणि तिने माझ्या खुर्चीत बसायचं.

शुक्रवारी जाताना ती मला म्हणाली, "सर, उद्या जमला पायजे. सासरं बोललंत, आता बास झाला शिकना, पर्मनंट झाली न्हायस तर सोमवारपासून जावंसोबत बाजारान बस." मी म्हणालो, "बघू."

शनिवारी साडेआठला मी मशीनसमोर बसलो. काय बिघडवावं? आधीच्या अकराही शनिवारी तिने बिघाड शोधला होता, शेवटचा तर बारा मिनिटांत. मी काहीही तोडलं असतं तरी तिला सापडलं असतं, कारण ती माझ्यापेक्षा चांगली होती. हे मला त्या सकाळी स्वच्छ कळलं. मग मी काहीच तोडलं नाही. फाईल बंद केली आणि खाली जाऊन चहा प्यायलो.

दहा वाजता तिला म्हणालो, "बिघाड आहे. एक तास."

तिने वही उघडली. एकेका आळीत जाऊन, एकेका पायरीवर बोट ठेवून बघत गेली. बरोबर असेल तिथे वहीत पेन्सिलीने खूण करायची. वीस मिनिटांनी ती माझ्याकडे वळली.

"सर, सगला बरोबर हाय."

इतकं अचूक उत्तर त्या गाळ्यात कोणी कधी दिलं नव्हतं. मी हसलो. चुकीच्या उत्तराला मी जसा हसायचो तसाच, आणि ते हसू तिच्या ओळखीचं होतं. "असं वाटतं तुला?" मी म्हणालो.

तिचे कान लाल झाले. ती पुन्हा पहिल्या आळीपासून सुरू झाली. चंदन म्हणाला, "सर, फोन तर सगळे लागतायत." मी त्याला बाहेर काढलं.

चाळीस मिनिटं झाली तेव्हा तिने एक धडधाकट ओळ बदलली. मग दुसरी. मग पहिली परत पूर्वीसारखी करायला गेली आणि तिथे भलतंच लिहून बसली. हात ओढणीला पुसत होती. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला की माणूस असंच करतो. त्या भाड्याच्या खोलीत मीही केलं होतं. 'थांब' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी घड्याळ बघत बसलो, आणि मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पाच मिनिटं उरली असताना तिने वेशीची ओळच पुसली. ऑफिसातले सगळे फोन एकदम मुके झाले. अमृतभाई केबिनमधून धावत आले. "अरे, पार्टी लाइन पर थी! क्या किया?"

मी तिची खुर्ची बाजूला सारली आणि शुक्रवारची जपून ठेवलेली फाईल परत चढवली. दोन मिनिटांत फोन वाजायला लागले. अमृतभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही इथेच बसा, ईश्वरभाई. पार्टीचा फोन तोडणारी मला नको. तिला तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. "सोमवारी येऊ नकोस."

ती रडली नाही. डबा पिशवीत घातला, दारापर्यंत गेली आणि परत आली. वही उघडून माझ्यासमोर उभी राहिली.

"सर, आज काय तोडला व्हता? तेवरा सांगा. माज्या वहीन ता न्हाय. लिवून ठेवतंय, मागशी नवीन येतील त्यांना कलंल."

तोंडाला आलं ते बोललो. "चौदा नंबरची चौथी पायरी. मी काढली होती."

तिने पानं उलटली. चौदाची चौथी. तिथे तिची पेन्सिलीची खूण होती. एक नाही, दोन.

"ही मी बगितली, सर. दोनदा. व्हती ती."

"नीट बघितलं नसशील."

तिने त्या दोन खुणांवरून बोट फिरवलं. "हां," ती म्हणाली. "न्हाय बगितली आसंल." तिने दोन्ही खुणा खोडून टाकल्या. नवीन पान काढून, आज आलेल्या माणसालाही समजेल अशा शब्दांत, ठळक अक्षरात तो बिघाड लिहिला. खाली लिहिलं, 'इथे द्वारका चुकली. तुम्ही नीट बघा.' मग वही माझ्या हातात देऊन ती जिना उतरली.