कड्याच्या पोरींची बातमी

कडा गावच्या शाळेत योगिता खेळाची शिक्षिका होती. तिच्या मुलींनी तालुक्याची खो-खो स्पर्धा एक डाव राखून जिंकली, तरी पेपरात ओळभर बातमी आली नाही. शेवटी ती स्वतःच आष्टीला वार्ताहर राधाकिशनकडे गेली.

"फोटोत पुढारी कोण हाय?" त्याने विचारलं.

"पुढारी कावून पाहिजे? पोरी हायेत की."

"मॅडम, जिंकतं तर रोज कुणी ना कुणी. यात वेगळं काय, ते सांगा."

योगिता गडबडली. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, की निम्म्या संघाचे आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि पोरी आजी-आजोबांजवळ राहून खेळतात. राधाकिशन सावरून बसला.

"हे आधी सांगायचं ना! कर्णधार पोरीचा चुलीपाशी फोटो घेऊ. पहिल्या पानावर लावतो."

योगिता खुशीत परतली. पण कर्णधार आरोहीचा चेहरा ऐकताच उतरला.

"खेळलो खो-खो आन् फोटो चुलीचा? तसं न्हाई पाहिजे आमाला, मॅडम."

"पहिलं पान हाय, आरोही."

"तरी न्हाई."

योगिताला राग आला. आधी पोरीचा, मग स्वतःचा. पोरींना न विचारताच आपण त्यांचं घर चारचौघांत मांडून बसलो होतो. तिने राधाकिशनला फोन लावला.

"घरचं काही छापू नका. पण आरोही सूर मारून गडी कसा टिपते, ते एकदा येऊन बघा. न्हाई आवडलं तर नका छापू."

तो कुरकुरला, पण रविवारी आला. मोटारसायकलवरून उतरलाही नाही. आरोहीने खांबाजवळ अंग झोकून पाठोपाठ दोघींना बाद केलं, तेव्हा मात्र तो धावतच मैदानाच्या कडेला आला.

"आयला! पुन्हा मारायला सांगा, फोटो हुकला!"

बातमी आतल्या पानावर, अगदी तळाला आली. एका मुलीचं आडनावही चुकलं होतं. पण फोटोत आरोही हवेत होती, हात पुढे, आणि पळणारी पोर तिच्या बोटांपासून वीतभर लांब. मुलींनी तो पेपर हातोहात पळवला.

दुपारी तलवाड्याच्या शाळेतल्या खेळशिक्षकांचा फोटो बघून फोन आला. "मॅडम, जिल्ह्याच्या स्पर्धेआधी आमच्या पोरींसंगं एक सामना ठेवता का?"

"थांबा," योगिता म्हणाली, "पोरींना विचारते." आणि तिने मैदानाकडे तोंड करून आरोहीला हाक मारली.