एकेचाळिसाव्या मिनिटाचा पुठ्ठा

मी पुठ्ठा बोलतोय. हसा, हसून घ्या! पण गेली अकरा वर्षं नल्लकुंटा मोहल्ल्यातल्या आमच्या सिनेमंडळात जे कुणालाच दिसलं नाही, ते सगळं माझ्या अंगावरून गेलंय.

आबिड्सच्या बाजारातल्या एका दुकानात मी नव्या शर्टाच्या पोटात होतो. रजनीबाईंनी तो शर्ट नवऱ्यासाठी, म्हणजे एकनाथराव वकिलांसाठी घेतला. शर्ट कधीच विरला, मी राहिलो. कारण निवृत्त झाल्यावर एकनाथरावांनी महिन्यातून एका रविवारी दुपारी घरच्या हॉलमध्ये पिक्चर दाखवायला सुरुवात केली. नियम एकच. बायकामाणसं बसतात, म्हणून उघडं अंग आलं की प्रोजेक्टरपुढे पुठ्ठा!

त्यांची पद्धत सांगतो. आदल्या दिवशी एकटे बसून पिक्चर पळवत पळवत बघायचे. नको ते दिसलं की मान खाली घालायची आणि माझ्या पाठीवर पेन्सिलीनं प्रसंग सुरू झाल्याचं नि संपल्याचं मिनिट लिहायचं. पुढे त्या प्रसंगात काय झालं, ते बघायची त्यांना लाज वाटायची. पिक्चर चालू असताना मला प्रोजेक्टरच्या वीतभर पुढे धरत, म्हणून धूसर का होईना, चित्र माझ्यावर उमटायचं. खरं सांगतो, मला त्याचा तोरा होता. सगळ्यांत शहाणा मीच, असं वाटायचं.

मंडळात पाळीपाळीनं एकेक जण पिक्चर निवडतो आणि शेवटी उभं राहून तो का आवडला ते सांगतो. या महिन्यात पाळी सुमेधाची होती. तिचे वडील नांदेडकडून इथं आले, ती विम्याच्या ऑफिसात नोकरीला. पोरगी गुणी, आली की हसून 'जयभीम काका' म्हणणारी. सहा महिन्यांपूर्वी तिनं आपल्या साहेबाविरुद्ध तक्रार केली आणि ते हसू गेलं. चौकशी समितीनं वरवर चाळून फाईल मिटवली. मंडळातही कुजबुज झालीच, पोरगीच तसली असेल म्हणून. मला चीड आली होती, पण पुठ्ठ्याला विचारतो कोण?

तिनं निवडला युरोपातला एक जुना भयपट. एकनाथरावांनी माझ्या पाठीवर लिहिलं, ४१ ते ४७. सहा मिनिटं! एवढा वेळ मी कधीच उभा राहिलो नव्हतो.

पिक्चर लावायच्या आधी सुमेधा टेबलाशी आली.

"काका, आज पुठ्ठा नक्को. हात जोडते."

"बेटा, नियम तो नियम. सहा मिनिटांनी काय बिघडतंय?"

"सगळंच बिघडतं. त्या सीनशिवाय ती बाई नुसती वेडी वाटेल. माझ्यासारखी."

एकनाथराव प्रोजेक्टरची वायर जोडायला वळले. रजनीबाई मात्र तिच्याकडे बघत राहिल्या.

खिडक्यांना चादरी लावल्या, पिक्चर सुरू झाला. काय पिक्चर होता हो! समुद्रकाठचं ओसाड हॉटेल. भिंतींवरची कागदी फुलं हळूहळू मिटतात. ओल्या केसांची एक बाई येते, एका पुरुषाचं चुंबन घेते आणि त्याच्या तोंडातून वाळू सांडायला लागते. सांडतच राहते. तो मरतो. का, ते कुणी सांगत नाही.

चाळीस मिनिटं झाली. एकनाथरावांनी मला उचललं. सुमेधानं ओढणी मुठीत आवळली.

एकेचाळीस! मी पुढे झालो आणि पडदा काळा पडला. पण आवाज कोण झाकणार? अंधारात श्वास ऐकू यायला लागले. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मंडळातले बाळकृष्ण मास्तर मोठ्यानं म्हणाले, "हौ, बाई भलतीच चालू दिसते!"

आणि माझ्यावर काय उमटत होतं, सांगू? दुसरा पुरुष तिला जवळ ओढतो. ती आपण होऊन एकेक कपडा उतरवते, घाई न करता, त्याच्या डोळ्यांत बघत. तिचं अंग सुंदर आहे, तोही खुळावतो. मग त्याला दिसतं. तिच्या खांद्यावर, पोटावर, मांडीवर पुरुषांच्या हातांचे निळे ठसे आहेत, आणि त्या ठशांची बोटं अजून हलताहेत. एका बोटावर त्याचीच अंगठी! लोभानं आलेला माणूस भीतीनं पांढरा पडतो. तिच्या सगळ्या सुडाचं कारण तिच्या अंगावर होतं, आणि मी दीडदमडीचा पुठ्ठा नेमका तेच झाकून उभा होतो. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला माझी शरम वाटली.

"काका, काढा ना तो!" सुमेधाचा आवाज फाटला.

एकनाथरावांनी हात हलवला नाही. तेवढ्यात रजनीबाई उठल्या. त्यांनी मला नवऱ्याच्या हातातून सरळ ओढून घेतलं.

"अहो, पुरे. आम्ही काय लहान पोरी आहोत? मागे घ्या आणि एकेचाळिसाव्या मिनिटापासून लावा. आणि आज तुम्हीही मान वर करून बघा."

सहाच्या सहा मिनिटं सगळ्यांनी बघितली. ती अंगठी दिसली तेव्हा मास्तरांनी चष्मा काढला आणि परत घातला. कुणी हसलं नाही.

पिक्चर संपला, दिवे लागले. सुमेधा बोलायला उभी राहिली. "मला हा पिक्चर आवडला, कारण..." एवढंच म्हणाली आणि थांबली. रजनीबाईंनी जाऊन तिचा हात धरला.

एकनाथराव खुर्चीतून उठले.

"सुमेधा, तुझ्या तक्रारीची कॉपी आहे का?"

"आहे काका. बारा पानं."

"समितीत कुणी पूर्ण वाचली?"

तिनं मान हलवली. नाही.

"मी वाचतो," एकनाथराव म्हणाले. "उद्या नको, आत्ता वाचतो. तू समोर बस."

ती रडत रडत पर्समधून कागद काढायला लागली. बारा पानं, घड्या पडून पडून मऊ झालेली. एकनाथरावांनी चष्मा लावला आणि पहिलं पान हातात घेतलं.

मी खुर्चीखाली पडलोय, मधोमध दुमडून. मंडळींनो, एक विनंती आहे. झाडलोट करताना मी सापडलो, तर चूल पेटवा, कचऱ्यात टाका, काहीही करा. फक्त कुणाच्या पुढे मला पुन्हा धरू नका. वर एकनाथराव सातव्या पानावर आलेत आणि अजून एकदाही त्यांनी मान खाली घातलेली नाही.