मशीन बंद, राणी बंद

इस्पितळाच्या लाँड्रीत तोंडाने कुणी बोलत नाही. सहा धुलाई मशीनं, चार ड्रायर आणि चादरींना इस्त्री करणारा तो लांबलचक रोलर एकदम सुरू झाले, की शेजारच्याच्या कानात बोंब मारली तरी तो "काय?" म्हणतो. म्हणून सगळा कारभार हातांवर. मूठ गोल फिरवली की चालू. तळहात वर उचलला की वेग वाढव. आणि दोन्ही हातांची छातीवर फुली केली की बंद, खेळ खल्लास.

या कारभाराच्या मुख्य बाई बावीस माणसांना नुसत्या हातांवर नाचवायच्या. सवय इतकी अंगात मुरलेली, की घरी नवरा चहा ओतायला लागला तरी कप भरताच बाईंची फुली. लेक तर बोलायच्या आधी हेच हातवारे शिकली. पुढे बोलायला लागली ती थांबेचना, म्हणून तिचं नाव पडलं टकळी.

टकळीच्या शाळेतल्या एकाही कार्यक्रमाला बाई दोन वर्षांत वेळेवर पोचल्या नव्हत्या. मागच्या खेपेला पोचल्या तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता. बाईंनी त्यालाही खुर्च्या कशा उचलायच्या ते शिकवलं.

"आई, यंदा मी राणी आहे," टकळी म्हणाली होती. "हे एवढं मोठं भाषण आहे. नाही आलीस तर पुढच्या वेळी मी तुला सांगणारच नाही."

टकळी काही सांगणार नाही म्हणजे घरच बंद पडलं की!

म्हणून त्या दिवशी चारच्या ठोक्याला बाई नवऱ्यासोबत तिसऱ्या रांगेत हजर. लाँड्री सोपवली होती सुरकुत्याभाऊंवर. भाऊ अठरा वर्षं रोलरवर होते. चादरींच्या सुरकुत्या काढून काढून त्या सगळ्या त्यांच्या चेहऱ्यावर गोळा झाल्या होत्या. रोलर कळायचा तो त्यांनाच. पण अडलं तर बाईंना विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, ही शिस्त खुद्द बाईंनीच लावलेली.

पडदा वर गेला. जुन्या पडद्याचा झगा घालून राणी आली. आणि बाईंचा फोन थरथरला. भाऊंचा व्हिडिओ कॉल.

"उचलू नकोस," नवरा कुजबुजला. तो लोकांना गाडी शिकवायचा, त्यामुळे समोरचा धोका त्याला लांबूनच दिसायचा.

"मी कुठे आवाज करतेय? हातानेच सांगते."

फोन पुढच्या रिकाम्या खुर्चीवर टेकवला. बघतात तर रोलरने चार चादरी गिळलेल्या आणि पाचवी चावत होता. बाईंनी दोन्ही हात उचलले आणि दणदणीत फुली केली.

"प्रजाजनहो! आजपासून या राज्यात कुणीही..."

राणी बंद.

तोंड उघडं, हात हवेत. दाढी लावलेल्या प्रधानाने पुढचं वाक्य दोनदा सांगितलं, पण राणी हूं नाही की चूं नाही.

"विसरली वाटतं गं बाई," बाई हळहळल्या.

"विसरली कसली! तूच बंद केलीस तिला!"

बाईंनी खाली पाहिलं. हात अजून फुलीतच होते.

फोनवर भाऊ हातांनी विचारत होते, 'बंद केलं. आता?' स्टेजवर राणीचे डोळेही तेच विचारत होते. लेकीला चालू म्हणावं तर तिकडे अडकलेला रोलर चालू!

"फोन घ्या!" बाई फिस्कारल्या.

नवऱ्याने फोन उचलला, आणि काय करावं ते न सुचून त्यावर बसला.

बाई उभ्या राहिल्या. मागच्याने "अहो, खाली बसा" म्हटलं ते कानामागे टाकून त्यांनी मूठ गरागरा फिरवली आणि उत्साहाच्या भरात तळहातही वर उचलला. एकदा नाही, चांगला तीनदा.

राणी सुटली! चार मिनिटांचं भाषण तिने दीड मिनिटात उरकलं. प्रधानाची दाढी गळून पडली, सैनिकाला उभं राहायला सवड मिळाली नाही. लोक आधी हसले, मग टाळ्या थांबेनात.

नंतर टकळी बाहेर आली. "आई, मी चुकत होते का?"

"नाही गं. ती फुली तुला नव्हती. रोलर अडकला होता."

टकळीने मुकुट काढला. "म्हणजे मी बोलत होते आणि तू रोलर बघत होतीस."

"हो," बाई म्हणाल्या. "चुकलं माझं."

"मग माझं काय ऐकलंस?"

"प्रजाजनहो. पुढचं काही हाती लागलं नाही."

नवऱ्याने फोन पुढे केला. अजून कोमट होता, आणि भाऊ आता लाँड्रीच्या दाराबाहेर येऊन त्यावर बोलत होते. "बाई, रोलर चालू झाला. चादरी ओढून काढल्या, पट्टा सरळ केला."

"कुणाला विचारून?"

"तुम्हालाच विचारत होतो, पण इकडे नुसता काळोख. मग म्हटलं, अठरा वर्षं झाली, एकदा आपणच ठरवावं."

बाईंनी तोंड उघडलं. समोर टकळी मुकुट हातात घेऊन उभी होती. बाईंनी सूर बदलला.

"भाऊ, आजपासून रोज चारनंतर तुम्हीच ठरवायचं. मला सकाळी सांगा."

"आणि काही पेटलं तर?"

"तर बंबवाल्यांना फोन करा. माझ्यात काय पाणी भरलंय?"

टकळी फिसकन हसली. मग मुकुट परत डोक्यावर चढवून म्हणाली, "आता सगळं भाषण पहिल्यापासून. बरोबर वेगात. आणि माझ्याकडे बघत."

घरी जायच्या रस्त्यावरच प्रयोग सुरू झाला. राणी चालता चालता बोलणार आणि तिच्याकडे बघायचं, म्हणून बाई तिच्यापुढे उलट्या चालू लागल्या. नवरा बाजूने सूचना देत होता, "थोडं डावीकडे... सायकल येतेय, थांब... आता ब्रेक सोड... अगं, खांब!"

बाई खांबावर आदळल्या. टकळी बोलायची थांबली.

"थांबू नकोस," बाई डोकं चोळत म्हणाल्या. "या राज्यात कुणीही काय?"